लाकूड दिलं का?

“लाकूड दिलं का गं, साधने?”

आवाज चाकाच्या आडून येत असे, घोगरा, बिडीनं जरा भाजलेला, आणि तिनं “दिलं, आबा” असं म्हणेपर्यंत आबांचं डोकं काही गाडीखाली शिरत नसे... आज इतक्या वर्षांनी तो आवाज परत आला तो जॅकच्या आट्यांत बसलेल्या कुंकवातून. अंगण झाडता झाडता ती थांबली होती. जॅक समोरच उभा होता, तिच्या नवऱ्यानं आताच आणून ठेवलेला, आणि त्याच्या स्क्रूच्या प्रत्येक आट्यात लालपिवळी रेघ होती — खालून वर गोल गोल चढत गेलेली, बांगड्या भरलेल्या हातासारखी. दिसायला किती देखणं. आबांनी बघितलं असतं तर डोक्याला हात लावला असता.

खंडेनवमीला सासूबाईंनी, द्वारकाबाईंनी, तो चुलीतल्या राखेनं घासला होता. विळा, कुऱ्हाड, पाने, पक्कड आणि जॅक — सगळं लोखंड एका रांगेत, लेकरांना न्हाऊ घालावं तसं धुतलेलं, उन्हात वाळवलेलं, मग हळदीकुंकू, मग एकेक झेंडूचं फूल. देवापुढं मळकं ठेवायचं नाही. आणि ग्रीस म्हणजे मळच की. काळं, चिकट, बोटांना लागलं तर साबणानंही न जाणारं. ते निघून गेलं की जॅक कसा रुप्यासारखा दिसतो. “पुजलेलं कोजागरीपोतर पुसायचं न्हाई,” असं त्या म्हणतात, आणि दरवर्षी साधना दसऱ्याच्या संध्याकाळी, घरातले सगळे सोनं द्यायला बाहेर पडले की, जॅक मागल्या भिंतीशी नेऊन रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशानं आटे साफ करते, बोटानं एकेक आट्यात ग्रीस भरते, स्क्रू पुरता वर, पुरता खाली फिरवून बघते, आणि वरवर चिमूटभर कुंकू लावून होता तिथं ठेवते. देवाला फसवल्यासारखं वाटतं. पण देवाला कुठं गाडीखाली जायचं असतं... यंदा मात्र नेमक्या त्या संध्याकाळी शितलला ताप भरला, लेकीच्या कपाळावरच्या पट्ट्या बदलण्यात रात्र झाली, आणि जॅक तसाच राहिला.

“बाजूला व्हय जरा,” नवरा म्हणाला.

त्याची काळीपिवळी जीप इथून, गोरेगावहून, सेनगावला, तिथून हिंगोलीला जाते. काल सेनगावच्या अलीकडं खड्ड्यात आपटून सायलेन्सर लोंबला होता. तारेनं बांधला की झालं, पाच मिनिटांचं काम. ओट्यावर मुंजाजी बसले होते, नेहमीचे गिऱ्हाईक, हिंगोलीच्या दवाखान्यात निघालेले, मांडीवर पिशवी घेऊन.

“डायवर, आज पोचवता का उद्या?”

“तुमी तंबाकू मळा मामा, तेवढ्यात बांधून घेतो.”

त्यानं जॅक एक्सलखाली सरकवला. हौदाच्या बाजूला. साधनाच्या पायांना ती जागा माहीत होती — रोज धुण्याचं पाणी तिथून वाहतं, जमिनीची वरची कातडी वाळून कडक होते, पण खाली काळी माती कायम ओली, चिकट, भाकरीच्या पिठासारखी दबणारी. एवढीशी ती जॅकची बैठक, आणि वर सगळी जीप.

“खाली फळी तरी द्या,” ती म्हणाली. “आन् आट्यायला ग्रीस न्हाई.”

“घ्या, मिस्त्रीणबाई सुरू झाल्या!” तो मुंजाजींकडं बघून हसला. “मामा, लोक हुंड्यात गाडी मागतात, मला गाडीच्या सूचना भेटल्या.”

मुंजाजी हसले. तीही हसली. त्याचं बोलणं वाईट नसतं, हीच तर तकलीफ. वाईट बोलला असता तर भांडता आलं असतं.

आणि भांडून सांगायचं तरी काय? आबांची, ग्यानबा मिस्त्रींची, मुलगी म्हणून तिच्याकडं सांगायला काहीच नव्हतं. सेनगावात स्टँडच्या मागं आबांचं पत्र्याचं गॅरेज होतं आणि तिथं कधी काही झालं नाही. कुणाचा हात गेला नाही, पाय गेला नाही. आबा गेले ते अंथरुणात, म्हातारे होऊन, दहाच्या दहा बोटं घेऊन. एखादी वाईट गोष्ट असती तर ती सांगितली असती आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला असता. पण जे झालंच नाही त्याची गोष्ट कशी सांगायची? एक माणूस रोज गाडीखाली गेला आणि रोज बाहेर आला — संपली गोष्ट. ऐकून कोण थांबणार आहे?

आबांचं म्हणणं एवढंच, की जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो. वर उचललं की वजन लाकडावर सोपवायचं, मग वाकायचं. वीट नको, वीट न सांगता फुटते. दगड नको, दगड सटकतो. बाभळीचं लाकूड दबतं, पण दबायच्या आधी करकरतं — “बोलतं गं ते,” आबा म्हणत. ते लाकूड ठेवायचं काम परकरातल्या साधनाचं. ती दोन्ही हातांनी पोटाशी धरून आणायची, चेसिसच्या सांगाड्याखाली उभं करायची, आणि मग तिच्या एका शब्दासाठी तो एवढा मोठा बाप थांबायचा. पुढच्या आयुष्यात तिच्या शब्दासाठी इतकं कुणी थांबलं नाही.

आबा गेल्यावर भावानं विचारलं होतं, तुला काय पाहिजे? तिनं ते लाकूड मागितलं. सासरी सगळे आठवडाभर हसत होते. माहेराहून काय आणलं, तर ओंडका! पण वाया नाही गेला; बसायला बराबर उंचीचा. द्वारकाबाई त्याच्यावर बसून भाकरी करतात.

कर्र... कर्र... तो दांडा फिरवत होता.

साधना खराटा टाकून घरात गेली.

द्वारकाबाई चुलीपुढं बसल्या होत्या, परातीत भाकरी थापत, आणि थापेच्या ठेक्यावर गुणगुणत होत्या. त्यांच्या ओव्या त्यांच्याच. जातं गेलं तरी ओव्या राहिल्या होत्या.

“काळ्या काळ्या सडकंवर, गाडी पिवळी धावती
बापूच्या माझ्या बाई, धूळ कपाळा लागती...”

बापू म्हणजे त्यांचा मुलगा. ओवीत तो कायम धावत असतो. ओवीतली गाडी कधी एका बाजूनं वर उचललेली नसते, तिच्याखाली कुणी उताणं झोपलेलं नसतं.

“आत्याबाई, जरा उठता का? ते लाकूड पाहिजे होतं.”

“आता? भाकर तव्यावर टाकली न्हवं.”

“गाडीखाली द्यायला...”

“जॅक हाय की त्याच्यापाशी. चांगला पुजलेला हाय. देव काय झोपलाय का?” आणि मग जरा मऊ होऊन, “थांब, येवढी फुगू दे.”

ती थांबली. उभ्या माणसाला हलवणं सोपं, पण चुलीपुढं बसलेल्या म्हातारीला, गुडघे आखडलेल्या... भाकरी एका कडेनं फुगू लागली. साधनाचे कान बाहेर होते. स्क्रू एकसारखा फिरत नव्हता. कर्र... अडला... मग एकदम गचका, मग परत कर्र. राख, कुंकू, धूळ — सगळं आट्यात बसलेलं. ग्रीस असलं की आवाजच येत नाही, नुसता तुपातून चमचा फिरल्यासारखा दांडा फिरतो. आणि हे गचके खाली मातीपर्यंत जात असणार, प्रत्येक गचक्याला बैठक जरा अजून...

मग आवाज थांबला.

हा थांबलेला आवाज ती ओळखून होती. आता त्यानं दांडा काढून ठेवला असणार. आता विटेवर वीट ठेवली असणार, तिच्या समाधानासाठी, जरा हसून. आता पोतं अंथरून तो पाठीवर पडला असणार आणि टाचांनी रेटत रेटत आत —

भाकरी फुगली होती. ती बघायला साधना तिथं नव्हती.

अंगणात फक्त पाय होते. गाडीखाली गेलेला माणूस म्हणजे नुसते पाय. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं, डाव्या टाचेला उभी भेग, घोट्यावर ग्रीसचा जुना डाग. मुंजाजी ओट्यावर तंबाखू मळत होते. विटा दोन होत्या आणि त्यांच्यात आणि चेसिसमध्ये हात जाईल एवढं अंतर होतं. आणि जॅक... ती खाली बसली. जॅक सरळ होता का? बैठकीची एक कड मातीत बुडाली होती, हौदाकडची. मघाशी होती का ती बुडालेली? आट्यांमधून कुंकवाचा एक पापुद्रा सुटला आणि खाली पडला. वारा नव्हता.

“अवो,” ती म्हणाली.

“हं.”

“अवो, बाहेर या.”

“पक्कड दे तिथली.”

अवो. ऐकलं का. शितलचे पप्पा. घरात, रानात, बाजारात ती त्याला याच हाकांनी बोलावत आली. आताच्या मुली सरळ नावानं बोलावतात नवऱ्यांना, मोबाईलवर हसत हसत. पण या घरात ती रीत नाही आणि तिनंही कधी मोडायला घेतली नाही. एकदाच नाव घेतलं होतं, या उंबऱ्यावर, माप ओलांडायच्या आधी, तेही कपड्यात बांधल्यासारखं उखाण्यात बांधून — बाभळीच्या लाकडाला लागंना कुऱ्हाड... आणि दुसऱ्या ओळीत त्याचं नाव, आणि मग “उघडा आता कवाड.” सगळ्या बाया हसल्या होत्या. आबा याच अंगणातल्या मांडवाच्या कडेला उभे राहून डोळे पुसत होते.

आबांचा अजून एक नेम होता, तिनं या घरात येताना तो तिकडंच ठेवला होता. खाली माणूस असला तर नाव घेऊन हाक मारायची. अगं नाही, अहो नाही, ए नाही. “त्या हाकंला माणूस इचार करतंय, कोन बोलवून राहिलं, काहून बोलवून राहिलं. नावाला इचार न्हाई साधने. नावाला आधी अंग हलतंय.”

पापुद्रा अजून एक पडला. की तिचेच डोळे? जॅक हलला, नखाएवढा, की नाहीच हलला... मी विचारू कुणाला? कोण सांगणार मला? झालं तर सांगायला वेळ नाही, नाही झालं तर सांगायला काही नाही —

“हरीश!”

पाय आधी आले. मग कंबर, मग कोपर घासत आलेला हात, मग कपाळ, मातीनं भरलेलं. विचार बहुतेक त्या सगळ्यांच्या मागून आला. तो तिच्या पायाशी अर्धवट उठून बसला आणि वर बघत राहिला, जणू हाक मारणारी दुसरीच कुणी असावी.

मुंजाजींचा अंगठा तळहातावर थांबला होता. दारात द्वारकाबाई उभ्या होत्या, हात कोपरापर्यंत पिठाचे. चुलीकडून भाकरी करपल्याचा वास येत होता.

गाडी पडली नाही.

सगळे बघत होते आणि गाडी उभीच होती. बुडाल्या कडेवर, कोरड्या आट्यांवर, शांत. ती आता पडेल म्हणून साधना क्षणभर वाट बघत राहिली आणि मग आपण तिच्या पडण्याची वाट बघतो आहोत हे ध्यानात येऊन तिला स्वतःचीच शिसारी आली. आबांची गॅरेजमधली सगळी वर्षं तिच्यापुढं अशीच उभी राहिली — न पडलेल्या गाड्यांची रांग, पुराव्यावाचून.

“उभी तं हाय,” तो म्हणाला. हसायला लागणार होता, पण तिचं तोंड बघून थांबला. “काहून वरडलीस? काय झालं?”

“नाव घेतलं तिनं,” दारातून सासूबाई म्हणाल्या. राग होता की नुसतं नवल, काही कळलं नाही.

काय झालं? सांगण्यासारखं तिनं सगळं याआधीच सांगून टाकलं होतं — फळी, ग्रीस, ओली जागा. त्यातलं काही परत सांगितलं असतं तर तो हसला असता, मुंजाजी हसले असते, आणि तीही हसली असती. पण नाव अजून तिच्या तोंडात होतं, उघडं, उखाण्यावाचून, लोखंडासारखी चव असलेलं. त्याच्यामागं जे इतकी वर्षं अडून बसलं होतं त्याला आता वाट झाली होती. ती मातीतच बसली, त्याच्या बरोबरीनं.

“काय न्हाई झालं,” ती म्हणाली. “मला भ्या वाटतं. आजचं न्हाई, या घरात आले तव्हापसून. तुमी खाली गेले की मी कामाचं सोंग करते आन् तुमचे पाय बघत राहते. हलतात का बघते. ते काळं नख, ती टाच... मला तुमचं तोंड येवढं पाठ न्हाई जेवढे पाय पाठ हायेत. आन् मला ते पाठ करायचे नव्हते, हरीश.”