मागे कोण दिसतंय

फोटोवालीच्या दुकानात एकच स्टूल होतं आणि त्याच्यामागे निळा पडदा. वेशीच्या आतली सगळी वस्ती कधी ना कधी त्या स्टुलावर बसून गेली होती. माणूस बसला की ती सांगायची, मान सरळ, कान दिसू द्या, हसू नका. पासपोर्टला हसलेलं चालत नाही. शेजारच्या खुर्चीत तिची आई फणी घेऊन तयार असे. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, आई बेधडक त्याची हनुवटी धरून तोंड वळवायची. अशी वर्षं गेली आणि न हसणारे चेहरे बघून बघून फोटोवालीचा जीव विटला.

म्हणून त्या उन्हाळ्यात ती बाहेर पडली. वस्ती इतकी जुनी की लांबून लोक ती बघायला येत, कमानीचे आणि दगडी भिंतींचे फोटो काढून जात. माणसांचे कोणी काढत नसे. फोटोवालीने माणसांचे काढायला घेतले. दुपारी दुकानाच्या दारावर पाटी लागायची, 'आत काम चालू आहे. दार वाजवू नये.' आत काम करत असे ती फक्त आई, आणि तेही घोरायचं. लेक कॅमेरा घेऊन गच्च्यांवरून फिरत असे. कारंज्यात उतरलेली पोरं, बर्फाच्या गाडीभोवतीची झुंबड, घड्याळजीच्या मुलीचं लग्न, गच्चीवर वाळणाऱ्या चादरी, वस्तीची बुद्धिबळाची स्पर्धा, काहीच तिने सोडलं नाही.

उन्हाळा सरत आला तशी ती वस्तीच्या अध्यक्षांकडे गेली आणि वेशीवरची खोली एका रविवारापुरती प्रदर्शनाला मागितली. अध्यक्ष पाणीखात्यातून निवृत्त झाले होते, पण अध्यक्षपदातून निवृत्त व्हायची काही लक्षणं नव्हती. बुद्धिबळाचा चषकही दरवर्षी त्यांच्याच कपाटात जाई.

"तू पासपोर्टचे छान काढतेस," ते म्हणाले. "हे नवीन खूळ कशाला? पण मागतेस तर घे. रविवारी सकाळी भिंती भरलेल्या दिसल्या पाहिजेत. नाहीतर मंडळाचे फोटो आहेतच."

मंडळाचे फोटो म्हणजे अध्यक्ष रिबीन कापताना. वाचनालयाची रिबीन, नव्या नळाची रिबीन, दुरुस्त केलेल्या गटाराची रिबीन. ते सगळे तिनेच काढले होते, त्यामुळे भिंतीवर काय येणार हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिला हे प्रदर्शन मनापासून हवं होतं. एकदा तरी लोकांनी तिचं काम डोळे भरून बघावं, त्याशिवाय पुन्हा त्या निळ्या पडद्यापुढे उभं राहायची तिची तयारी नव्हती.

"लावायच्या आधी ज्याचा त्याला दाखव," आई म्हणाली. "नंतर कोणी दारात भांडायला नको."

पहिले आले टेलरमास्तर. फोटोवालीने लग्नातला फोटो कौतुकाने पुढे धरला. नवरी पायऱ्या उतरताना खळखळून हसत होती. मास्तरांनी नवरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते वरच्या कोपऱ्यात बघत होते आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"हा राखाडी कोट डॉक्टरांचा आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "त्यांना मी सांगितलंय, अस्तर अजून आलं नाही."

"मग तुमच्या अंगावर कसा?"

"अंगावर बसतो का बघायला नको?"

"मास्तर, डॉक्टर तुमच्या दीडपट आहेत."

"म्हणून तर पाठीला कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेत. तेही दिसतायत बघ. ताई, एवढा फोटो लावू नकोस, तुझ्या पाया पडतो."

मास्तर गेल्यावर फोटोवालीने चष्मा लावला आणि सगळे फोटो टेबलावर पसरले. आयुष्यभर तिने फक्त चेहरा बघितला होता. मागे काय आहे हे बघायची तिला सवयच नव्हती, कारण तिच्या धंद्यात मागे निळा पडदा असतो.

"आई," ती म्हणाली, "मागे पण माणसं आहेत."

"असणारच. ती काय तुझा फोटो होईपर्यंत गावाला जातात?"

मग रांगच लागली. कारंज्यातल्या पोरांच्या मागे बसथांबा होता, आणि बसमधून बेकरीवाल्या मावशी पावाचे क्रेट उतरवत होत्या. क्रेटवर दुसऱ्या गावच्या बेकरीचं नाव ठळक दिसत होतं.

"या उन्हात भट्टीपुढे उभी राहून दाखव तू," मावशी म्हणाल्या.

"पण मावशी, यंदाचा पाव सगळ्यांना किती आवडला."

"तेच तर दुखणं आहे गं."

मग दोन जावा आल्या. थोरली पुढच्या दाराने, धाकटी मागच्या. दोघींचं भांडण अख्ख्या वस्तीला पाठ होतं. त्यापायी घराच्या मधोमध भिंत घातली होती आणि दोघे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते. फोटोत दोन चादरींच्या मधल्या फटीतून दिसत होत्या त्या दोघी, एका चटईवर, एकाच पाण्याच्या टबात पाय बुडवून हसत बसलेल्या.

"आमचं गूळपीठ आहे हे कळलं तर ते दोघे भिंत पाडतील," थोरली म्हणाली.

"आणि मग आलं एकच स्वयंपाकघर," धाकटीने पुढचं वाक्य पुरं केलं. ते तिने मागच्या दारातूनच म्हटलं, कारण पुढून कोणी बघितलं असतं.

शेवटी अध्यक्ष आले. त्यांचा फोटो खरं तर बर्फाच्या गाडीचा होता, पण गाडीपलीकडे बुद्धिबळाचा पट मांडलेला होता. सलूनवाले काका गाडीकडे मान वळवून बघत होते आणि तेवढ्यात अध्यक्षांच्या दोन बोटांनी काकांचा हत्ती उचलून भलत्याच घरात नेऊन ठेवला होता.

"हा हात माझा नाही," अध्यक्ष म्हणाले.

"अंगठी तुमची आहे," आई म्हणाली.

अध्यक्षांनी फोटोची घडी घातली आणि ती खिशात टाकली. "खोलीची किल्ली माझ्याकडे असते, एवढं लक्षात ठेव," असं म्हणून ते निघाले.

ते ऐकून बाकीच्यांनाही कंठ फुटला. कोणाच्या मागे उधारीचा रेडिओ निघाला, कोणाच्या मागे आजारपणाची रजा काढून पोहणारा जावई. शनिवारी संध्याकाळी फोटोवालीकडे उरले एक कबूतर, वेशीची कमान आणि एक कुत्रा, ज्याने हरकत घेतली नव्हती. एक फोटो तर तिने कोणी न सांगताच स्वतः बाजूला काढला आणि पिशवीच्या तळाशी ठेवला. मग ती स्टुलावर बसली. तिला रडू आलं आणि ती रडली.

आईने तिला रडू दिलं. मग कोपऱ्यात रचलेल्या चौकटींकडे फणीने बोट दाखवलं. "ह्यांचं काय करायचं आता?"

फोटोवालीने नाक पुसलं आणि बराच वेळ त्या रिकाम्या चौकटींकडे पाहिलं. मग तिने कार्डाचे तुकडे कापले आणि लिहायला बसली. 'कारंज्यातली मुलं. मागे दिसणाऱ्या व्यक्तीच्या विनंतीवरून फोटो काढून घेतला आहे.' 'नवरी पायऱ्या उतरताना. मागे दिसणाऱ्या व्यक्तीच्या विनंतीवरून फोटो काढून घेतला आहे.'

आईने वाचलं. "हा शुद्ध आगाऊपणा आहे."

"आहे."

"मग अक्षर जरा मोठं काढ."

किल्ली आईने शनिवारी रात्रीच मागून आणली होती; लावायला आता काही उरलं नाही म्हणून अध्यक्षांनीही ती दिली. रविवारी ते रिबिनींचा गठ्ठा काखेत मारून खोलीत आले आणि दारातच थबकले. चारही भिंतींवर चौकटी होत्या, ओळीने, सरळ, बहुतेक सगळ्या रिकाम्या.

"भिंती भरलेल्या हव्या होत्या," आई म्हणाली. "भरल्यात."

अध्यक्ष काही बोलणार तेवढ्यात लोक आले, आणि मग येतच राहिले. चांगले फोटो असते तर वस्ती दहा मिनिटं बघून बर्फाच्या गाडीकडे गेली असती. पण इथे कोणाचं तरी काहीतरी झाकलेलं होतं, त्यामुळे कोणाचा पाय निघेना. कार्डावर नाव नव्हतं, पण नावाची गरजही पडली नाही. ज्याचं त्याच्या जिवाला लागलेलं, त्यामुळे जो तो आपल्याच चौकटीसमोर घुटमळत होता.

"तुम्ही या चौकटीपाशीच का घाम पुसताय?" मास्तरांच्या बायकोने विचारलं.

"उकडतंय."

"लग्नात तुम्ही मागे कोणाबरोबर होतात?"

बघता बघता लोकांच्या बोलण्याला तिखटमीठ लागून त्या नसलेल्या फोटोत मास्तरांच्या शेजारी नवरीची मावशी येऊन उभी राहिली, मग तिचा हात मास्तरांच्या हातात आला. मास्तर गर्दीतून वाट काढत फोटोवालीपाशी पोचले.

"तो कोटाचा फोटो लाव ताई. आत्ताच्या आत्ता."

फोटो लागला. डॉक्टर पुढे झाले, चष्मा सावरून त्यांनी आपला कोट न्याहाळला आणि म्हणाले, "अस्तर झकास बसलंय, मास्तर." मास्तरांच्या बायकोने चिमटे मोजले आणि तिला हसू आवरेना.

कारंज्याच्या चौकटीपाशी एव्हाना लोकांच्या बोलण्यात बेकरीवाल्या मावशींच्या भट्टीत उंदीर मेला होता. मावशींनी फोटो स्वतः आणून स्वतः लावला आणि वर सांगितलं की दुसऱ्या गावचा का असेना, पण पाव ताजा असायचा. चादरींच्या चौकटीपाशी प्रकरण जास्तच तापलं. तिथे लोकांच्या मते एका जावेने दुसरीला गच्चीवरून ढकलायला घेतलं होतं, आणि ते ऐकून दोघे भाऊ एकमेकांच्या गळपट्टीला जाऊन भिडले होते. थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने मान हलवली. फोटो लागला.

दोघे भाऊ फोटोजवळ वाकले. मग मोठा हळूच म्हणाला, "म्हणजे भिंत पाडायची का?"

"नाही," दोघी जावा एका सुरात म्हणाल्या.

मग उधारीचा रेडिओ आणि पोहणारा जावईही भिंतीवर लागले. राहिली बर्फाच्या गाडीची चौकट. तिच्यासमोर अध्यक्ष उभे होते, पण अध्यक्षांवर संशय कोण घेणार? ते सगळ्याच चौकटींसमोर हक्काने उभे राहत. लोकांची नजर गेली सलूनवाल्या काकांवर. गाडीच्या शेजारी पट असतो, पटापाशी काका असतात, मागे दिसणार तर तेच. कोणी म्हणालं, काकांनी पटावर हात मारला असेल. कोणी म्हणालं, तरीच यंदा डाव इतका लांबला. काका बापडे भिंतीला टेकून ऐकत होते.

फोटोवाली अध्यक्षांकडे बघत होती. त्यांचा फोटो तिला पुन्हा छापता आला असता, पण तिने तोंड उघडलं नाही. अध्यक्षांनी आधी कॉलर सैल केली. मग गठ्ठा खाली ठेवला, खिशात हात घातला आणि घडी पडलेला फोटो काढून स्वतःच्या हाताने चौकटीत लावला. घडीची रेघ नेमकी हत्तीवरून जात होती.

"मला माहीत आहे," सलूनवाले काका म्हणाले. "पहिल्यापासून."

"मग बोलला का नाहीस?" अध्यक्षांनी विचारलं.

"तुम्ही हरलात की महिना महिना जिन्याखाली उतरत नाही. मग मी खेळायचं कोणाशी? बर्फाची गाडी मी काय आयुष्यात पाहिली नव्हती?"

अध्यक्षांना फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त बरं वाटलं. हे कोणाला दिसू नये म्हणून ते भिंतीकडे वळले आणि तिथे त्यांना आणखी एक रिकामी चौकट दिसली. 'सलूनचा आरसा. मागे दिसणाऱ्या व्यक्तीच्या विनंतीवरून फोटो काढून घेतला आहे.'

"हा कोणाचा?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाचा फोटो लागून गेला होता. चौकटीसमोर कोणीच घुटमळत नव्हतं, फोटोवाली सोडून.

"लाव आता," आई म्हणाली. "सगळ्यांचे लागले."

फोटोवालीने पिशवीच्या तळाशी हात घातला. फोटोत सलूनचा मोठा आरसा होता. आरशात तोंडाला फेस लावलेलं गिऱ्हाईक, त्याच्यामागे कॅमेरा घेतलेली ती स्वतः, आवाज नको म्हणून चपला काखेत. आणि तिच्याही मागे, रस्त्यापलीकडे, तिच्या दुकानाचं दार, दारावर पाटी, आणि पाटीसमोर भर उन्हात छत्री मिटून आदबीने उभे असलेले अध्यक्ष.

अध्यक्षांनी फोटो जवळून पाहिला. "मी पासपोर्टच्या फोटोसाठी आलो होतो. पुन्हा पुन्हा येऊन गेलो."

"हो."

"आत काम चालू नव्हतं."

"नव्हतं," फोटोवाली म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"आणि आई आत होत्या."

"होते," आई म्हणाली. "तुम्ही खोकलात तेही ऐकलं."

कोणीतरी फिसकन हसलं आणि मग खोलीतलं कोणीच मागे राहिलं नाही. अध्यक्ष हसले नाहीत. ते एकेका भिंतीपाशी जाऊन सगळे फोटो सावकाश बघून आले. रिबिनींचा गठ्ठा त्यांनी पायाने दाराआड सरकवला.

"माझा फोटो राहिलाच आहे," ते म्हणाले. "पण त्या पडद्यापुढे नको. खाली पटापाशी काढ. आणि मागे याला घे," त्यांनी काकांकडे बोट दाखवलं.

सगळी वस्ती खाली उतरली. पट मांडला गेला. अध्यक्ष सवयीने ताठ बसले, आई त्यांची हनुवटी धरायला निघाली होती, पण लेकीने तिला थांबवलं. फोटोवालीने कॅमेरा डोळ्याला लावला आणि या वेळी आधी मागे पाहिलं. सलूनवाले काका बर्फाच्या गाडीकडे टक लावून बघत होते. अध्यक्षांची दोन बोटं हळूच पटावर सरकत होती. हत्ती नव्या घरात नीट बसेपर्यंत ती थांबली, आणि मगच तिने बटण दाबलं.