आजही नाही उडालं

खोताच्या वाडीत समोरासमोर दोन लाकडी घरं होती. मधली गल्ली इतकी अरुंद की एका गॅलरीतून फोडणी दिली तर समोरच्या गॅलरीत शिंक यायची. एका घरात मीराबाई धैर्यवान आणि त्यांची सून सुमती राहत. समोरच्या घरात कमलाकांत विजयकर एकटा राहायचा. तो तार ऑफिसात नोकरीला होता. आईच्या लांबलेल्या दुखण्यात त्याचं लग्नाचं वय निघून गेलं होतं, आणि आई गेल्यावर त्याला कुणी त्याबद्दल विचारलं नव्हतं.

मीराबाईंची नजर काचबिंदूनं अधू झालेली. दिवा दिसायचा, पण दिव्याखाली बसलेलं माणूस दिसायचं नाही. म्हणून रविवारी सकाळी कमलाकांत येऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. साठ सालचा मार्च होता. पत्र सगळं नव्या राज्यानं भरलेलं असायचं: मुंबई मिळणार हे ठरलं, आता तारीख कोणती, डांगचं काय, बेळगावचं काय. मीराबाई ऐकून घ्यायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा मनमोहन चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीत गेला होता. आंदोलनातला नव्हता तो. पोटात आतडं फुटलं आणि बाहेर कर्फ्यू. डॉक्टर निघाले होते, पण पोचले ते उजाडल्यावर. मीराबाई रात्रभर दारात उभ्या होत्या. तेव्हापासून त्यांनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

त्या रविवारी कमलाकांतनं कोपऱ्यातली एक छोटी बातमी वाचली. अमेरिका अग्निबाणावर बसवून एक गोळा आकाशात सोडणार होती. तो पृथ्वीपासून सुटून सूर्याभोवती फिरणार होता.

"केवढा गोळा?" मीराबाईंनी विचारलं.

"आपल्या पाण्याच्या पिंपाएवढा असेल, काकी."

"परत कधी येणार?"

"परत नाही यायचा. फिरतच राहणार. पण त्याच्यात रेडिओ ठेवलाय. कोटी मैलांवरून बोलणार तो."

सुमती आतून चहा घेऊन आली तेव्हा त्या म्हणत होत्या, "एवढ्या लांबून आवाज येणार?"

"येणार, असं म्हणतात."

"मग तो जाईल तेव्हा मला ऐकायचंय. तुझ्या रेडिओवर लागतं ना अमेरिकेचं?"

सुमती कप हातात घेऊन तशीच उभी राहिली. सासूच्या तोंडून 'मला हवंय' असं तिनं किती दिवसांनी ऐकलं होतं.

कमलाकांतचा रेडिओ म्हणजे लाकडी कपाटच. त्याची एरियलची तार त्यानं गॅलरीतून कौलांवर आणि तिथून मागच्या माडाला नेऊन बांधली होती. आपल्याकडे दिवेलागण होते तेव्हा तिकडे सकाळ असते, आणि बाण सकाळीच सोडायचा होता. पहिल्या संध्याकाळी सुमती सासूचा हात धरून गल्ली ओलांडून गेली. मीराबाईंना आरामखुर्ची दिली. दिवा मालवला, कारण कमलाकांतच्या मते अंधारात स्टेशन नीट सापडतं. आतले व्हॉल्व्ह तापायला लागले, धुळीचा गरम वास सुटला, आणि रेडिओचा हिरवा डोळा हळूहळू उघडला.

आवाज चौपाटीच्या लाटांसारखा यायचा. जवळ यायचा, फुटायचा, मागे सरायचा. त्यात मधेच एक अमेरिकन माणूस नाकात बोलायचा. शेजारच्या ख्रिश्चनांच्या घरात कुणीतरी व्हायोलिनवर तेच ते सूर घासत होतं. ते सूर आणि त्या लाटा एकमेकांत मिसळून गेल्या, आणि सुमतीला वाटलं आपण घरात नाहीच. कुठेतरी पाण्यावर, एका होडीत तिघं बसलो आहोत.

कमलाकांत रेडिओच्या जाळीला कान लावून बसला होता. त्यानं बोट वर केलं.

"काय म्हणतोय रे?" मीराबाई कुजबुजल्या.

"मोजणी थांबवलीय. उलटी मोजतात, काकी. शून्य आलं की उडणार. पण मधे काही बिघडलं की थांबतात."

"मग पुन्हा पहिल्यापासून?"

"कधी पहिल्यापासून, कधी थांबले तिथून."

बराच वेळ ते बसले. शेवटी तो म्हणाला, "आज नाही उडत."

"बरं," मीराबाई म्हणाल्या, "उद्या येऊ."

दुसऱ्या दिवशीही नाही उडालं. तिसऱ्या दिवशी तिकडे ढग होते की वारा होता, लाटांमधून नीट कळलं नाही. पण संध्याकाळी गल्ली ओलांडायची हे आता ठरूनच गेलं. सुमती ठाकूरद्वारच्या बाजूला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. शाळेतून आली की पदर खोचून काहीतरी खायला करायची. एक दिवस कोबी-कोलंबीचं भानोलं केलं, ते मनमोहन गेल्यापासून घरात झालं नव्हतं. मीराबाईंना वासानंच कळलं.

वाट बघताना बोलणं निघायचं. कमलाकांतनं सांगितलं, वर्षानुवर्षं तारा घेऊन त्याला आता पंख्याच्या खडखडाटातही निरोप ऐकू येतात. "एकदा पंखा रात्रभर एकच तार पाठवत होता. 'तेल घाला. तेल घाला.'"

सुमती हसली. तोंडावर पदर न घेता, मोठ्यानं. हसून झाल्यावर तिलाच ते अनोळखी वाटलं. मीराबाईंनी रेडिओकडे असलेलं तोंड आवाजाच्या दिशेनं वळवलं आणि कितीतरी वेळ तसंच ठेवलं.

त्या आठवड्यात सुमती शाळेत असून नसल्यासारखी होती. फळ्यावर पृथ्वी काढली, तिच्या सूर्याकडच्या बाजूला शुक्र काढला, दोघांच्या मधून जाणारी त्या गोळ्याची वाट खडूनं ओढली आणि ती ओढताना हात थांबेचना. वाट फळ्याच्या चौकटीपर्यंत गेली. मुली खिदळल्या. संध्याकाळी घरी येताना होळीसाठी लाकडं ओढत नेणारी पोरं दिसायची, फणसवाडीच्या नाक्यावर लोक नव्या राज्याच्या तारखेवर वाद घालत उभे असायचे, आणि ती त्या सगळ्यांतून स्वप्नात चालल्यासारखी निघून यायची. मनात एकच असायचं. आजही नको उडू दे. हे आपल्या मनात येतं म्हणून तिला लाज वाटायची. तिकडे मोठमोठे लोक डोळ्यांत तेल घालून बसलेत, इकडे सासूनं इतक्या वर्षांत एक गोष्ट मागितली, आणि आपण काय मागतोय?

बुधवारी शिक्षकांच्या खोलीत तिनं वर्तमानपत्र उघडलं. त्यात स्पष्ट छापलं होतं: बाणात दोष सापडला आहे, शुक्रवारच्या आत प्रयत्न होणार नाही. सुमतीनं पत्राची घडी घातली आणि टेबलाच्या पार त्या टोकाला सरकवून ठेवली.

संध्याकाळी ती सासूला घेऊन रोजच्यासारखी गेली.

कमलाकांतनं रोजच्यासारखा रेडिओ लावला, कान लावला, बोट वर केलं. एका बाईचं गाणं लागलं होतं. त्यानं ते घाईनं फिरवून टाकलं. मग गंभीरपणे म्हणाला, "आज पुढे ढकललं, काकी."

सुमतीनं त्याच्याकडे पाहिलं. हिरव्या उजेडात त्याचे कान लाल झाले असतील तर दिसणं शक्य नव्हतं. गुरुवारी पुन्हा तसंच झालं.

शुक्रवारी मीराबाई पलंगावरून उठल्याच नाहीत. "गुडघे धरलेत. तू जा."

"तुमच्याशिवाय मी कशी जाऊ, आई? तुम्हालाच ऐकायचं होतं ना?"

"खिडकी उघडी ठेव. त्याला म्हणावं, आवाज मोठा कर. गल्ली ती केवढी! मला इथून ऐकू येतं."

"लोक काय म्हणतील?"

"लोक आत्ता होळीची लाकडं चोरताहेत. जा, उशीर होईल."

सुमती गेली. एवढीशी गल्ली, पण एकटीनं ओलांडताना तिला ती रुंद वाटली. पौर्णिमा जवळ आली होती. कौलांवर चंद्र आधीच येऊन बसला होता, अजून पांढरा, उजेड नसलेला. कमलाकांतनं दार उघडलं, तिच्यामागे पाहिलं आणि गडबडला.

"काकी?"

"गुडघे दुखतायत. आवाज मोठा करा म्हणाल्या."

त्यानं दिवा मालवला नाही. दोघं रेडिओच्या दोन बाजूंना बसली, मधली आरामखुर्ची रिकामी. आवाज आज स्वच्छ येत होता. तो अमेरिकन माणूस अगदी शेजारच्या खोलीतून बोलावा तसा बोलत होता. कमलाकांत भाषांतर करायचं विसरला, आणि सुमतीलाही त्याची गरज वाटली नाही. मग एकाएकी त्या माणसाचा आवाज चढला, मागे काहीतरी गडगडलं, आणि लाटा आल्या.

"गेलं," कमलाकांत म्हणाला.

समोरच्या खिडकीतून खणखणीत हाक आली. "गेलं का रे?"

"गेलं, काकी! नीट गेलं!"

"बरं झालं!" आणि खिडकीचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

कमलाकांतनं रेडिओ बंद केला. डोळा मिटत मिटत गेला. खाली पोरं बोंबलत होती.

"मला तुम्हाला एक सांगायचंय," तो म्हणाला. "बुधवारी मी खोटं बोललो. कालही. तिकडे काही चाललंच नव्हतं. पेपरात आलं होतं शुक्रवारशिवाय नाही म्हणून. मी सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता."

"मी वाचलं होतं," सुमती म्हणाली.

"काय?"

"पेपरात. बुधवारीच."

समजायला त्याला थोडा वेळ लागला. मग तो हसायला लागला आणि ती पण, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही.

"उद्या यायला आता काही कारण नाही," तो म्हणाला.

"नाही."

"याल?"

सुमतीनं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "आईंना विचारते," ती म्हणाली.

घरी मीराबाई अंधारात पलंगावर बसून होत्या. सुमतीनं दिवा लावला तशी त्या म्हणाल्या, "बस इथं. मला त्याचा आवाज आवडतो. वाचतो छान. पण रविवारी दोन तास वाचून जातो, मग आठवडाभर त्याचं घर आवाजच करत नाही. मी ऐकते ना इथून. आणि तुझं हसू परवा पहिल्यांदा ऐकलं मी. आधी वाटलं, बाहेरची कुणी बाई आली."

"आई, मी तुम्हाला सोडून कुठे जाणार नाही."

"कोण म्हणतंय सोडून जा? चार पावलं जायचं ते." त्यांनी चाचपडत सुमतीचा हात शोधला. "मनमोहन माझा होता. त्याच्यासाठी मी रडते, रडेन. तू किती दिवस दारात उभी राहणार?"

सुमती त्यांच्या मांडीत डोकं घालून रडली. मीराबाई तिचे केस सोडून पुन्हा विंचरत बसल्या, हातानंच.

नातेवाइकांत कुजबूज झाली. एक चुलत नणंद तर दोन महिने बोलली नाही. पण एप्रिलच्या शेवटी घरच्या घरी, चार माणसांत लग्न लागलं. भानोलं मीराबाईंनी स्वतः बसून करवून घेतलं, मीठ चाखून. सुमती समोर राहायला गेली, म्हणजे झोपायला गेली. स्वयंपाक मीराबाईंच्याच चुलीवर व्हायचा आणि जेवायला तिघं एकत्र बसायची.

एक मेला राज्य झालं. संध्याकाळी सगळी मुंबई रोषणाई बघायला रस्त्यावर उतरली. कमलाकांतनं टॅक्सी केली आणि तिघं शिवाजी पार्कला गेली. मीराबाईंना दिव्यांच्या माळा वेगळ्या दिसत नव्हत्या. सगळं मिळून एक मोठं, सोनेरी, ओलं धुकं दिसत होतं. त्यातून त्या दोघांचे हात धरून सावकाश चालल्या. "दूध सांडावं तसा उजेड सांडलाय," म्हणाल्या, आणि कठड्यावर बसायचं म्हणाल्या. ती दोघं शेंगदाणे आणायला गेली.

शेजारी बसलेल्या एका लुगड्यातल्या बाईनं विचारलं, "मुलगा आणि सून का हो तुमची?"

"सून माझी," मीराबाई म्हणाल्या. "तो जावई."

ती बाई बराच वेळ विचार करत राहिली. मीराबाईंनी तिला काही समजावून सांगितलं नाही. तोंड उजेडाकडे करून त्या शेंगदाण्यांची वाट बघत बसल्या.