घालून दाखवा

हँगरवर टांगलेली ब्रा त्या साइटला चालते. पोरसवदा बाईच्या अंगावरची, जाळीची, अर्धी छाती बाहेर काढणारी तर फारच चालते. तिची जाहिरात माझ्याच पानाच्या कडेला दिवसभर नाचत असते. पण छाती कापलेल्या बाईने अंगभर सुती कापडाची ब्रा घातली की ती घाण. हे मला कळलं त्या दुपारी मी कॉम्प्युटरला जे बोलले ते इथे लिहीत नाही. लिहिलं असतं, पण जाऊबाईंनी शपथ घातली आहे.

मी शिवणकाम करते. गल्लीत मला कात्री म्हणतात. ते कामामुळे की जिभेमुळे, हे तोंडावर विचारायची कुणाची छाती झालेली नाही. नवरा परगावी नोकरीला. थोरले दीर आणि जाऊबाई वरच्या मजल्यावर, खाली माझं मशीन.

जाऊबाईंचं गाठीचं ऑपरेशन झालं आणि उजवी बाजू गेली. घरी आल्या त्या शाल पांघरून बसल्या. ऐन उकाड्यातही शाल. उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. दुकानातून स्पंजाची वाटी आणून दिली, तर ती चार पावलं चाललं की वर सरकून गळ्याशी यायची. सरकणारच. एका बाजूला अंगाचं वजन आणि दुसऱ्या बाजूला हवा, मग पट्टा जागेवर राहील कसा? ज्याने ती वाटी बनवली त्याला बायको नसावी, किंवा असून त्याने तिला कधी काही विचारलेलं नसावं. मी मऊ कापडाचा खिसा शिवला, आत सरकी काढलेला कापूस आणि मधोमध काचेचे मणी भरले. शिवलं, उसवलं, परत शिवलं. एके दिवशी जाऊबाई ती घालून कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन साबण घेऊन आल्या. घरात साबण होता.

मग मला वाटलं, अशा शाली पांघरून बसलेल्या आणखी किती असतील. एका गिऱ्हाइकाने तिच्या फोनने हँगरवरचा फोटो काढला, भावजींच्या कॉम्प्युटरवर त्या साइटवर माझं पान उघडून दिलं, फोटो कसा चढवायचा ते शिकवलं आणि बदली होऊन निघून गेली. फोटोखाली अंगठे आले, फुलं आली. आणि एक बाई आली. नाव लावलं होतं ‘डबल बेल’. तिने लिहिलं होतं:

‘मी बसमध्ये कंडक्टर. माझंही ऑपरेशन झालंय, डावी बाजू. कामावर परत बोलावलंय. आमचा शर्ट खोचलेला असतो, वर झाकायला काही नाही. दिवसभर हात वर करून दांडी धरायची. हँगरवर काय कळणार मला? घालून दाखवा. नाही जमलं तर टेबलाचं काम लिहून मागते, या आठवड्यात सांगायचंय.’

टेबलाचं काम म्हणजे डेपोच्या आतल्या खोलीत तिकिटांचे गठ्ठे मोजत बसायचं. चालत्या गाडीतली बाई एका बंद खोलीत जाणार, आणि ते कशासाठी, तर मूठभर मण्यांसाठी! मी जाऊबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी शाल घडी करून बाजूला ठेवली.

“काढ माझा फोटो,” म्हणाल्या. “गळ्याखालचा. पण कुणाच्या फोनात नको.”

माझा फोन बटणांचा. भावजींचा चांगला आहे, पण त्यांचे फोटो आपोआप कुठे कुठे जातात. मागे त्यांच्या पायाच्या गळवाचा फोटो डॉक्टरऐवजी ऑफिसच्या ग्रुपवर गेला होता आणि साहेबांनी ‘अभिनंदन’ लिहिलं होतं. म्हणून कपाटातून भावजींचा जुना डिजिटल कॅमेरा काढला. खोक्यात, पिशवीसकट, वॉरंटीच्या कागदासकट. भावजी वस्तू वापरायला घेत नाहीत, सांभाळायला घेतात.

फोटो झकास आला. आता तो कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरमध्ये न्यायचा. वायर लावली. टुंग आवाज झाला आणि पाटी आली: ‘उपकरण ओळखता आले नाही.’ वायर काढली, फुंकली, परत लावली. ओळखता आले नाही. दुसऱ्या भोकात लावली. परत तेच. अरे, एकाच घरात, एकाच कपाटाच्या वरच्या आणि खालच्या फळीवर राहिलात, आणि ओळखत नाही? सोयरिकीची बोलणी फिसकटल्यासारखं वागतोस?

“जोरात खोचू नकोस,” भावजी मागून म्हणाले. “आणि हे सगळं करायची गरजच काय म्हणतो मी. घरातल्या बाईचं अंग चव्हाट्यावर.”

“चव्हाट्यावर जायला आधी कॅमेऱ्यातून बाहेर तर पडू दे, भावजी.”

खोक्यात एक सीडी होती. ती आधी घाला, असं कागदावर लिहिलेलं. कॉम्प्युटरला सीडी घालायची फटच नाही. कार्ड काढून बघितलं, तर कॉम्प्युटरच्या भोकापेक्षा ते रुंद. दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने कॅमेरा हातातही घेतला नाही.

“ताई, हे म्युझियममध्ये द्या. नवीन घ्या.”

“तुझ्या वडिलांचं वय काय?”

“का हो?”

“त्यांनाही देऊन टाकणार का?”

तिथून घरी येऊन मी कॅमेऱ्याचं एकेक बटण दाबत बसले. शिवणयंत्र बिघडलं तर मी दुरुस्तीवाल्याची वाट बघत नाही, ह्याची का बघू? मेनूत मेनू, त्याच्या पोटात आणखी मेनू. एका ठिकाणी लिहिलेलं सापडलं, ‘जोडणी: प्रिंटर’. म्हणजे मी वायर लावत होते आणि हा शहाणा समजत होता की आपल्याला प्रिंटरला बांधलंय. ‘कॉम्प्युटर’ केलं. टुंग झालं आणि फोटो धडाधड बाहेर. भावजी ऑफिसच्या सहलीला गेले होते तेव्हाची तीन वर्षं कुणी न पाहिलेली झाडंसुद्धा.

जाऊबाईंचा फोटो साइटवर चढवला. खाली लिहिलं, ‘डबल बेल, बघा घालून दाखवलीय.’ चहा टाकून आले तोवर फोटो गायब. ‘तुमची पोस्ट नग्नता व लैंगिक आशय यांविषयीच्या नियमांत बसत नाही.’

जाऊबाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग हसायला लागल्या.

“लैंगिक? माझ्यात? अगं कात्री, ह्यांना सांग की. आरशाला नाही वाटत, घरच्या माणसाला नाही वाटत, निदान मशीनला तरी वाटलं!”

हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले आणि त्या आत गेल्या. भावजी पेपर वाचत होते. पान उलटलं नाही.

मी तक्रारीचं बटण दाबलं. ही वैद्यकीय वस्तू आहे, बाई आजारातून उठलेली आहे, सगळं लिहिलं. ‘पाठवा’वरून बोट उचललं नव्हतं तर उत्तर हजर: ‘आमच्या टीमने तुमची पोस्ट काळजीपूर्वक पाहिली.’ कधी पाहिली? डोळा मिटून उघडायच्या आत? काळजी करायला माणूस लागतं, आणि तिथे माणूस ठेवायला यांच्या जिवावर येतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणारा तिसराच, तोही घरी नाही.

मी कच्ची नाही. बाईचं अंग नको ना, मग नको. माझ्याकडे शिवणाचा पुतळा आहे, प्लॅस्टरचा. त्याला दोन्ही बाजू भरलेल्या, त्यावर काय कळणार? करवत आणली आणि डावी बाजू कापून टाकली. बारा वर्षं सोबत केलेला पुतळा, कापताना हात जड झाला. पण ब्रा बसली सुरेख. फोटो चढवला.

तोही काढला. या वेळी कारण होतं, ‘हिंसक दृश्य’. आणि खाली लाल अक्षरांत: पुन्हा नियमभंग झाल्यास हे पान कायमचे बंद होईल. तोपर्यंत कुणाला खासगी निरोप पाठवता येणार नाही.

कंडक्टरबाईचा पत्ता नाही, नंबर नाही, खरं नाव नाही. माझ्याकडे तिचं एवढंच होतं, त्या पानावरच्या चार ओळी. पान बंद म्हणजे ती गेली. आता एकच फोटो टाकता येणार होता आणि तो टिकायलाच हवा होता.

“झालं समाधान?” भावजी म्हणाले. उकडत होतं, लाइट गेले होते, बनियन छातीपर्यंत गुंडाळून ते पुठ्ठ्याने वारा घेत होते. “मी आधीच म्हणत होतो. बायकांच्या गोष्टी बायकांत ठेवाव्यात.”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. काटकुळी छाती. दोन्हीकडे सपाट. जिच्यावर काहीच नाही अशी छाती. आणि ही उघडी छाती त्या साइटवर किती! पोहणारे, दंड फुगवणारे, समुद्रावर पोट सोडून लोळणारे. एकाचाही फोटो कुणी काढून टाकत नाही.

“भावजी, बनियन काढा.”

“काय?”

“बनियन काढा आणि ही घाला.”

भावजी उठून उभे राहिले. “डोकं फिरलंय तुझं. मी घालू? ही? ऑफिसात कुणी पाहिलं तर? तोंड दाखवायला जागा राहील का मला?”

“तोंड कोण मागतंय? मला गळ्याखालचं पाहिजे.”

“शक्य नाही. पुतळा कापलास तसं मलाही...”

“अहो,” जाऊबाई दारात उभ्या होत्या. आवाज चढलेला नव्हता. “ऑपरेशनला आत नेत होते तेव्हा तुम्ही माझा हात धरून काय म्हणाला होतात?”

भावजींनी पुठ्ठा खाली ठेवला.

“म्हणाला होतात, तुझ्याऐवजी माझं कापलं असतं तर बरं झालं असतं. मी विसरले नाही. ते राहू दे, तुमचं काही कापायचं नाहीये. नुसतं घालायचंय.”

मग भावजींनी बनियन डोक्यावरून काढलं, घडी केली, उलगडलं आणि पुन्हा घडी केली.

“हूक मागे असतो ना?” म्हणाले.

“मागे. हात पोचणार नाही तुमचा. वळा,” जाऊबाई म्हणाल्या.

दोन्ही खिशांत मणी भरून मी पट्टे त्यांच्या मापाला आवळले. जाऊबाई म्हणाल्या, “केस किती दिसतायत, वस्तरा आणू का?” मी ओरडले, “हात लावू नका त्या केसांना! तेच आपलं ओळखपत्र आहे.” भावजींना आधी दारासमोर सरळ उभं केलं, मग हात वर करून चौकटीला धरायला लावलं. मग जागच्या जागी उड्या. ते उड्या मारत होते आणि जाऊबाई वाकून बघत होत्या, पट्टा हलतो का, कड वर येते का. “अजून मारा. बस खड्ड्यातून चाललीय समजा.” भावजींच्या कपाळावर घाम.

“थांबू का?”

“स्टॉप आला की सांगते.”

लाइट आले तसा फोटो चढवला. हात वर, काखेत केस, छातीवर केस आणि त्यात माझी सुती ब्रा, जिथल्या तिथे. आम्ही तिघं पडद्यासमोर बसलो. पान बंद झालं नाही. संध्याकाळी बघितलं, आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं, तरी आहे. म्हणजे बाईची वस्तू पुरुषाने घातली तर चालते, ती जिच्यासाठी शिवली तिने घातली तर चालत नाही. हा नियम ज्याने केला त्याला एकदा माझ्या मशीनसमोर बसवा, एवढंच मागणं आहे.

खाली पुरुषांची गर्दी लोटली. हसणारे तोंडवाले, टाळ्या पिटणारे, ‘काकांचा नंबर द्या’वाले. भावजी एकेक वाचत होते, कान लाल. मी म्हटलं काढून टाकू का. “राहू दे,” म्हणाले. “ती बाई कुठे लिहितेय तेवढं बघ.”

तिने दुपारी लिहिलं. ‘हात वर केल्यावर कड उचलली नाही हे बघितलं. दुकान कुठे?’

ती आली ती ड्युटीचा शर्ट पिशवीत घेऊनच. उंच, खणखणीत आवाजाची बाई. नमस्कार-चमत्कार नाही. पडद्यामागे जाऊन घालून आली, वर शर्ट, शर्ट खोचलेला. आरशात समोरून बघितलं, बाजूने बघितलं. मग दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली, पाय फाकवून, चालत्या गाडीत राहतात तशी. जाऊबाई जिन्यात बसून बघत होत्या, शालीशिवाय.

“फोटोतले ते कोण?” तिने विचारलं.

“माझे मिस्टर,” जाऊबाई म्हणाल्या.

“चांगले उभे राहिलेत.”

मग ती कमरेतून एकदम डावीकडे कलली, एकदम उजवीकडे कलली. कपाळाला आठी.

“सरळ रस्त्याला ठीक आहे. वळणावर मणी एका बाजूला धावतात. कळतं मला.”

भावजी वळणं घेत नव्हते. उड्याच मारत होते.

“काढ,” मी म्हटलं. “आत आडवी शिवण घालून कप्पे करते. मणी आपापल्या खोलीत बसतील.”

“सोमवारी पहिली गाडी माझी आहे. टेबलाचा अर्ज मी दिलेला नाही.”

“मग बस इथेच, स्टूल ओढ.”

ती बसली. जाऊबाईंनी वरून चहा आणायला भावजींना हाक मारली, आणि मी दिव्याखाली खिसा धरून टाके उसवायला घेतले.