चाव्या वाळूखाली

कुणाला गप्प बसवायचं असलं की माणसं त्याच्या तोंडाला कुलूप लावतात. ते कुलूप मी. आता माझीच कडी कापली गेलीय, तेव्हा बोलून घेतो. गोड बोलायची सवय मला नाही.

पितळी अंग, पोलादी कडी. माझ्याबरोबर दोन चाव्या जन्मल्या, जुळ्या बहिणी. एका तारेत ओवलेले आम्ही तिघं तारावा या मोठ्या बेटावरच्या दुकानातून बोटीनं या बेटावर आलो. गावाच्या पाणी समितीनं आम्हाला घेतलं होतं. चर्चच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी पन्हळीतून सिमेंटच्या टाकीत पडायचं. टाकीच्या तोटीभोवती लोखंडी पेटी होती आणि पेटीच्या कोयंड्यात मी.

ठरलं होतं चोख. एक चावी समितीतल्या थोरल्या बुरैमोआ म्हाताऱ्याकडे, दुसरी त्याची नातवंडं असलेली पुतणी तिनाई हिच्याकडे. घरटी महिन्याला एक नाणं डब्यात टाकायचं, त्यातून पन्हळ आणि तोटी धड ठेवायची. कोरड्या दिवसांत संध्याकाळी घरटी एक बादली. बुरैमोआची स्वतःची बादली रांगेत शेवटी असायची, हे कबूल करायला हवं. तो चोर नव्हता. हट्टी होता.

रोज एकदा चावी यायची, पोटात फिरायची, मी उघडायचो. बाकी दिवसभर पाठीमागं पाणी आणि समोर उन्हातली वाळू. मला कुणाची सोबत म्हणाल तर ती तेवढीच.

मग पन्हळ एका बाजूनं निखळली. अर्ध्या पत्र्याचं पाणी वाळूत जाऊ लागलं. तिनाईनं डबा मागितला तर डबा रिकामा. दुसऱ्या बेटावरून चर्चचे पाहुणे आले होते, त्यांच्या पंगतीत पन्हळीची नाणी खाल्ली गेली होती.

"काका, पाहुणे ढेकर देऊन गेले. आता पन्हळीचं काय?"

"गावाची अब्रू राखली मी. अब्रूला पन्हळ लागत नाही."

"तहानेला लागते."

रांगेतल्या बायका फिदीफिदी हसल्या. त्या हसण्यापायी म्हाताऱ्यानं तिची चावी काढून घेतली. दोन्ही चाव्या एका दोऱ्यात, दोरा त्याच्या गळ्यात. समितीतल्या एकाही म्हाताऱ्यानं ब्र काढला नाही. मोठ्यांचा मान ठेवावा म्हणे. मोठे एकमेकांना झाकतात, त्यालाच इथं मान म्हणतात.

त्या वर्षी पाऊस फिरकलाच नाही. विहिरी खारट झाल्या. आणि ऐन दुष्काळात बुरैमोआ झोपेतच गेला.

त्याला धुतलं, नवा शर्ट घातला, चटईत गुंडाळायला घेतलं. गळ्यात दोरा तसाच. तिनाई पुढं झाली.

"चाव्या काढून घ्या. टाकी कशी उघडणार?"

"मेलेल्याच्या गळ्याला हात घालतेस?" इओटेबा ओरडला. समितीत आता सगळ्यात थोरला तोच. "जिवंतपणी त्याला छळलंस, आता तरी निजू दे!"

माझ्या दोन्ही बहिणी वाळूखाली गेल्या.

मग बैठकीच्या मोठ्या छपराखाली म्हातारे बसले. थडगं उकरायचं? शांतम् पापम्. कुलूप कापायचं? कुलूप म्हणजे त्याचा शब्द. टाकी फोडायची? मग पाणीच जाईल. शेवटी ठरलं, पावसाची वाट बघू. पाऊस पडला तरी पाणी माझ्याच मागं कोंडलेलं राहणार, हे एकाही पिकल्या डोक्याला सुचलं नाही.

संध्याकाळी बायका सवयीनं बादल्या घेऊन यायच्या. मला हलवून बघायच्या, शिव्या घालायच्या, जायच्या. पाठीशी टाकीत पाणी होतं आणि समोर तहान होती, आणि मला कुठल्याच बाजूला वळता येत नव्हतं. चावी नसलेल्या कुलपाइतकं एकटं काही नसतं. ते धड दारही नाही आणि धड भिंतही नाही.

तिनाईचा नातू खाऱ्या पाण्यानं जुलाब लागून निपचित पडला. शहाळं दिलं, तेही उलटलं. ती इओटेबाकडे गेली.

"म्हातारबा, पोराचे डोळे आत गेलेत. एक बादली."

"रविवारनंतर बसू आम्ही. घाई कसली?"

"बसा. तुम्हाला येतंच काय दुसरं?"

भर दुपारी, म्हातारे छपराखाली घोरत असताना, ती लोखंड कापायच्या करवतीचं मोडकं पातं चिंधीत धरून आली. पातं कडीवर किरकिरत राहिलं. तिच्या हाताचं रक्त माझ्या पितळेवर आलं. दुखलं का म्हणता? दुखलंच. पण इतक्या दिवसांनी कुणीतरी मला उघडायला आलं होतं.

तोटी सुटली. तिनं आधी तांब्या भरला आणि पळाली. पोर वाचलं.

म्हाताऱ्यांनी मग तिला दंड केला, एक डुक्कर. ते तिनं दिलं. ते शिजलं त्याच टाकीच्या पाण्यात. दुसऱ्या दिवशी रांगेत पहिली किटली इओटेबाची.

"तिनाई, जरा चहापुरतं भर गं."

"मागं व्हा, म्हातारबा. बुरैमोआकाका शेवटी उभे राहायचे."

तो मागं गेला. सगळं गाव बघत होतं, काय करणार?

आता पेटीला दोन कुलपं आहेत, चाव्या दोन वेगळ्या घरांत. दोन्ही घरं आल्याशिवाय पेटी उघडत नाही. नाण्यांचा डबा सगळ्यांदेखत उघडतात. पन्हळ लागली, एक सांधा अजून गळतो.

आणि मी? तिनाईनं मला काकाच्या थडग्यावर आणून ठेवलं, पांढऱ्या दगडांच्या मधोमध. "घ्या तुमचा शब्द," म्हणाली आणि बराच वेळ तिथंच बसून राहिली. पुन्हा आली नाही.

खाली माझ्या बहिणी, वर मी, मधे पुरुषभर वाळू. मला खारा वारा खातोय, त्यांना खारी वाळू. गळ्यात चाव्या मिरवणाऱ्यांनो, निजण्याआधी त्या कुणाच्या तरी हातात द्या. एवढंच मागणं.

परवा पाऊस झाला. माझ्या भोकात थेंबभर पाणी साचलं. ते मागायला कुणी रांग लावली नाही.