धरून की सोडून

वर्ष पहिलं. आपला भाग: ४०. देश: ३१०.

शेण, भुसा, लाकडाचा भुगा, ओला कचरा. यांच्यापासून वर्षभरात किती वीज झाली, त्याचे हे आकडे. वीस वर्षांचे, आपल्या भागाचे आणि देशाचे, शेजारी शेजारी. पाचपर्यंत द्यायचेत.

पाचपर्यंत घरमालकीण काकूंनाही सांगायचंय, खोली ठेवते की सोडते.

वर्ष अकरावं. भाग: ४४. देश: ७००.
वर्ष बारावं. भाग: ४५. देश: ६६८.

"ताई, देश घसरला इथे," आलेख काढणारा म्हणाला. त्याचं टेबल माझ्या टेबलाला चिकटून आहे. "देशभरच्या गाईंचं एकदमच पोट बिघडलं का?"

जुन्या फायली काढल्या. अकराव्या वर्षापर्यंत देशाच्या आकड्यात आपला भाग धरलेला होता. बाराव्यापासून माझ्याआधीच्या बाईंनी तो वजा करून लिहिला आणि तसं कुठे नोंदवलं नाही. आमच्याकडे याला दोनच शब्द आहेत. धरून. सोडून.

साहेब मान वर न करता म्हणाले, "धरून करा नाहीतर सोडून करा. पण एक काहीतरी करा, बाई."

धरून सोपं. नऊच वर्षांत आपला भाग मिळवायचा. घेतलं मिळवायला. ६६८ अधिक ४५,

फोन. दादा.

(आई गेल्यावर हाच म्हणाला होता, "एकटी काय राहतेस, ये आमच्याकडे." तेव्हापासून माझ्या अर्ध्या वस्तू खोक्यांत आहेत. पातेली वर्तमानपत्रात गुंडाळलेली, चहाचं तेवढं बाहेर.)

"चिमे, आईचा तो झाकणाचा मोठा डबा तुझ्याकडे आहे का? बिल्डिंगमध्ये कचऱ्यापासून गॅस करायची टाकी बसवलीय. ओला कचरा डब्यातून द्यायचा, माणशी माप ठरलंय."

"किती माणसं लिहिलीस?"

"चार."

"मला धरून?"

तो हसला. "तुला धरून चार कशी होतील? आम्हीच चौघं. तुला सोडून." मग म्हणाला, "तू आलीस की वाढवू ना. कमिटी पाहुण्यांना धरत नाही."

"बरोबर आहे."

"रागावलीस?"

"नाही रे. डबा आहे. पाठवते."

"वहिनी विचारतेय, जेवलीस का?"

"जेवले."

काकूंना फोन केला. "खोली ठेवते."

"मग नळ दुरुस्त करून घेते," त्या म्हणाल्या. "तू जाणार म्हणून तसाच ठेवला होता."

६६८ च्या पुढचं खोडलं आणि वर पहिल्या ओळीपाशी गेले. पहिलं वर्ष: ३१० वजा ४०, २७०. दुसरं. तिसरं. अकरावं: ७०० वजा ४४, ६५६. आता बाराव्या वर्षी देश घसरत नव्हता.

"ताई, मिळवणं सोपं होतं की."

"दोनच वर्षं जास्त पडली."

त्याने रेघा ओढल्या. देशाची वर वर निघून गेली. आपली तळाशी, जवळजवळ आडवी.

"ही दिसायला तरी हवी," तो म्हणाला. "जाड करू?"

"नको. आहे तशी राहू दे."

खाली टीप लिहिली: देशाच्या आकड्यांत हा भाग धरलेला नाही.

वर्ष विसावं. भाग: ४७. देश, सोडून: ११०९.