डिकिन्सनची सही

डोव्हरजवळ जॉन डिकिन्सनचं जुनं घर आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्यकाळातला हा नामांकित वकील आणि पुढारी. दर शनिवारी कांचन दातार तिथे हौसेने गाइडचं काम करायची. त्याची भाषणं, पत्रकं, सगळं तिला तोंडपाठ. पाहुणे माना डोलवायचे आणि हळूच घड्याळ बघायचे.

पद्मिनीला तिनेच तिथे नेलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे नुकतीच डेलावेअरला आलेली, घरात कंटाळलेली पोर. तीही गाइड झाली, पण डिकिन्सनच्या वकिलीच्या वाटेला फारशी जायचीच नाही. झोपायच्या खोलीत थांबायची आणि डिकिन्सनच्या बायकोबद्दल, पॉलीबद्दल सांगायची. पाच मुलं झाली, त्यातल्या दोन मुलीच मोठ्या झाल्या. एवढं सांगून ती गप्प व्हायची. बायका डोळे पुसायच्या. कांचनही वर्षानुवर्षं हेच सांगत होती, पण कुणाचा डोळा ओलावला नव्हता.

सत्त्याऐंशी साली राज्यघटनेला दोनशे वर्षं झाली. बडे पाहुणे येणार होते. व्यवस्थापक बाईंनी त्यांच्यासाठी पद्मिनीला निवडलं. कांचनला दारात स्वागताला उभं राहायला सांगितलं. ती "शुअर, शुअर" म्हणाली.

आदल्या दिवशी पद्मिनीचा फोन आला. "ताई, मी फार नर्व्हस आहे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर डिकिन्सनची सही आहे ना?"

"आहे की," कांचन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दार सोडून ती पाहुण्यांच्या मागोमाग आत गेली. पद्मिनी छान बोलत होती. "आणि जाहीरनाम्यावर सही करणारे हे..."

"नाही!" कांचनच्या तोंडून निघून गेलं. "त्याने सही केलीच नाही. इतक्या घाईने इंग्लंडशी संबंध तोडू नयेत असं त्याचं मत होतं. मतदानाच्या दिवशी तो सभागृहात गेलाच नाही."

सगळे वळून बघू लागले. पद्मिनीचा चेहरा लालबुंद झाला. "सॉरी," ती कशीबशी हसली. "पुढचं यांच्याकडूनच ऐका."

कांचनने पुढचं सगळं सांगितलं. कुठेही अडखळली नाही. व्यवस्थापक बाईंनी पाठ थोपटली.

परतताना गाडीत पद्मिनी म्हणाली, "काल तुम्ही 'आहे' म्हणालात."

"चुकून गेलं गं तोंडातून."

"तुमच्या? डिकिन्सनबद्दल?"

कांचनने गाडीचा वेग वाढवला.

पद्मिनी पुन्हा त्या घरी आली नाही. बाईंनी विचारलं तेव्हा कांचन म्हणाली, "घरचं काहीतरी असेल."

दिवाळीला तिथली सगळी मराठी मंडळी सुनेत्रा नावाच्या मैत्रिणीकडे जमली. पद्मिनी आता लायब्ररीत मुलांना गोष्टी सांगत होती. जेवणं झाल्यावर पोरांनी तिला घेरलं, मग त्यांच्या आयांनीही. कांचन डायनिंग टेबलापाशी फराळाची ताटली घेऊन उभी होती.

"तुम्हीपण या ना, कांचनताई," कुणीतरी हाक मारली.

"मला ऐकू येतंय इथून," ती म्हणाली आणि करंजीचा तुकडा मोडला. तो तिने ताटलीतच परत ठेवला.