रिकामं वारूळ

आर्किटेक्ट झालेल्या रोनकला धुळ्यात पहिलंच घर बांधायला मिळालं, तेही सख्ख्या काकांचं. फुलचंदकाका कापडवाले. "एसीशिवाय मे महिना निघाला पाहिजे," एवढीच त्यांची अट. रोनकने कॉलेजात वाचलं होतं, की बाहेर ऊन आग ओकत असलं तरी वारुळात वारा खेळता असतो. आपणही तसंच घर करायचं, असं त्याने ठरवलं. वारुळातल्या वाटांचा साचा काढायला प्लास्टरची बादली घेऊन तो पिंपळनेरजवळच्या माळावर गेला.

सोबतच्या इसाक मिस्त्रींनी त्याचा हात धरला. "भाऊ, हाई जित्तं वारूळ शे. एखादं सोडेल, रिकामं देखूत."

"शोधत बसायला वेळ कुणाला आहे?" म्हणत रोनकने बादली वारुळात उपडी केली. शिकल्यासवरल्यांना वेळ नसतोच.

माती धुतल्यावर झाडाच्या मुळांसारखा पांढरा साचा निघाला. काका हरखले. झमकूकाकू मात्र वाकून बघत राहिल्या. पाणी गाळल्याशिवाय न पिणारी, दिवस मावळल्यावर घास न घेणारी बाई ती.

"आत कुणी नव्हतं ना रे?"

"नाही काकू. रिकामं वारूळ होतं."

इसाक मिस्त्री दारातच उभे होते. त्यांनी रोनककडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली; तेच रोनकला जास्त लागलं.

घर झालं. खालच्या जाळ्यांतून गार वारा शिरायचा, वरच्या धुराड्यातून गरम हवा निघून जायची. पाहुणे मुद्दाम भर दुपारी यायचे. कौतुक सुरू झालं की रोनक कानकोंडा व्हायचा. काकांनी तो साचा काचेच्या पेटीत घालून दारासमोरच मांडला होता. त्यात अडकलेले तिळाएवढे तांबूस ठिपके दुसऱ्या कुणाला दिसत नव्हते. चोराच्या मनात चांदणं.

भाद्रपदात संवत्सरी आली. वर्षभरात ज्याला दुखावलं त्याची, अगदी किड्यामुंगीचीही, क्षमा मागायचा दिवस. काकू रोनकपुढे हात जोडून उभ्या राहिल्या.

"मिच्छामि दुक्कडम्, रोनक. त्या दिवशी तुझ्यावर संशय घेतला मी. मनात पाप आलं माझ्या."

धरणीने पोटात घ्यावं असं त्याला झालं. खरं सांगितलं तर काकू या घरात पाण्याचा घोटही घेणार नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. उघडलेलं तोंड त्याने मिटलं.

"मिच्छामि दुक्कडम्," तो शेवटी म्हणाला. जन्मात पहिल्यांदाच मनापासून म्हणाला.

काकूंना ते रीतीचं उत्तर वाटलं. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि आत जाता जाता पेटीवरची धूळ पदराने पुसली.